मालवण-तारकर्ली तीन दिवसांत: किल्ला, स्कूबा, किनारे आणि जेवण नीट कसं बसवायचं

मालवणला येणारे बरेच जण शुक्रवारी रात्री निघतात, शनिवारी दुपारी पोचतात, रविवारी सकाळी किल्ला, स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन सगळं एकदम उरकतात आणि दुपारी जेवून परत. मग म्हणतात पाणी गढूळ होतं, किल्ल्यात तासभरच मिळाला, गर्दी फार होती. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इतकं सुंदर गाव आणि इतका मोठा इतिहास असून फक्त क्रम चुकल्यामुळे माणसं अर्धवट बघून जातात. मालवणचा प्लॅन हॉटेलपासून सुरू करायचा नसतो, तो समुद्रापासून सुरू करायचा. भरती कधी, वारा कधी सुटतो, बोटी कधी बंद, हे आधी बघा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा, एवढंच मला सांगायचंय, खाली तेच सविस्तर लिहितोय.

आधी तारीख ठरवा, आणि तारीख ठरवताना पंचांग बघा

सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, साधारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ते ऑगस्टअखेरपर्यंत, त्यामुळे जूनमध्ये "स्कूबा करून देतो" असं कोणी फोनवर म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. सप्टेंबरमध्ये बोटी सुरू झाल्या तरी पाणी अजून नितळलेलं नसतं. पाण्याखालचं दिसायला हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले, मार्चही चालतो. एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू-फणस असतो पण ऊन आणि गर्दी दोन्ही जबरदस्त. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मी तरी कोणाला सुचवणार नाही, मालवण ते देवबाग हा एकच अरुंद रस्ता आहे आणि त्या दिवसांत तो गाड्यांनी तुंबलेला असतो.

अजून एक तारीख तपासा ती म्हणजे आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. ही मसुरे गावात भरते, मालवणपासून जवळच. तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या आसपास, आणि त्या दोन-तीन दिवसांत मुंबईहून येणाऱ्या सगळ्या ट्रेन फुल, खोल्या फुल. जत्रेलाच यायचं असेल तर ती वेगळीच गोष्ट, नक्की या, पण किनाऱ्यांसाठी येणार असाल तर ते दिवस सोडून या.

आता पंचांगाचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी, सुकती (ओहोटी) मोठी, पाण्याला ओढ जास्त आणि तळाची वाळू ढवळलेली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, तेव्हा पाणी त्यामानाने शांत. स्कूबासाठी येणार असाल तर शक्यतो सप्तमी ते दशमीच्या मधले दिवस पकडा. भरतीच्या वेळेचा जुना कोकणी हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, मालवणला साधारण तासभर आधी धरा, आणि शेवटी पक्की वेळ तिथल्या बोटवाल्याला विचारा. पण घरबसल्या प्लॅन करायला एवढं पुरतं.

पोचायचं कसं

रेल्वे सगळ्यात सोयीची. कुडाळ स्टेशनला उतरा, तिथून मालवण तीस किलोमीटरच्या आत आहे. कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही रात्रीच्या गाड्या, झोपून यायचं आणि सकाळी कुडाळ. वंदे भारतने आलात तर कणकवलीला उतरावं लागतं, ते थोडं लांब पडतं. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या तारखांचं त्याच सकाळी करा कारण कोकण रेल्वेची तिकिटं बघता बघता वेटिंगला जातात. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि सामान कमी असेल तर कुडाळ एसटी स्टँडवरून मालवणची एसटी पकडा.

कुडाळहून नेरूरपार-चौके रस्त्याने आलात तर वाटेत धामापूरचा तलाव लागतो. इथे अर्धा तास थांबाच. विजयनगरच्या काळातला, १५३० सालचा तलाव, काठावर भगवती देवीचं मंदिर, चहूबाजूला झाडी, आणि २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालाय. पोहायला उतरू नका, पाणी खोल आहे. पायऱ्यांवर बसून घरून आणलेलं काहीतरी खाऊन घ्यायचं आणि कचरा परत पिशवीत घालून न्यायचा.

गाडीने येणार असाल तर मुंबई-गोवा हायवेवर कसालला वळा, तिथून सरळ रस्ता मालवणला येतो. पुणे-कोल्हापूरकडून फोंडा घाट किंवा गगनबावड्याच्या बाजूचे घाट, पण निघायच्या आदल्या दिवशी कुठला घाट चालू आहे ते विचारून घ्या, दुरुस्तीसाठी घाट बंद असणं इथे नेहमीचं. विमानाचं म्हणाल तर चिपीला विमानतळ आहे, २०२१ मध्ये सुरू झाला, पण फ्लाइट कमी-जास्त होत असतात, त्यामुळे गोव्याचा मोपा विमानतळही शोधून बघा.

राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत आणि तिन्ही अगदी वेगळे. मालवण गावात राहिलात तर बाजार, जेटी, किल्ला, मासळीबाजार सगळं चालत. तारकर्लीत लांब पांढरा किनारा आणि एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, सगळ्यात सुंदर पण रात्री काही हवं असेल तर गावात यावं लागतं. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर मी मालवण किंवा तारकर्ली म्हणेन, नुसतं शांत पडायचं असेल तर देवबाग.

होमस्टेच घ्या असं माझं आग्रहाचं मत. घरची वहिनी जे जेवण घालते ते कुठल्या हॉटेलात मिळत नाही आणि पैसे थेट गावातल्या घरात जातात. फोन करताना खोलीचा रेट विचाराल तसं जेवण त्यात धरलंय का, पाण्याची टंचाई असते का (मेमध्ये असते), आणि किनारा चालत किती, हे पण विचारा. "सी टच" लिहिलेलं प्रत्येक ठिकाण समुद्राला लागून नसतं.

पहिला दिवस: काही उरकायचं नाही

रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच पाण्यात जाऊ नका. आंघोळ, घावणे-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, मग झोप. दुपारी ऊन उतरलं की देऊळवाड्यात रामेश्वर-नारायणाच्या देवळात जा, हे मालवणचं ग्रामदैवत. दिवाळीत पाडव्याला इथली पालखी निघते, अख्खं गाव त्या दिवशी रस्त्यावर असतं, त्यामुळे दिवाळीत येणाऱ्यांनी पाडवा मालवणातच धरावा.

तिथून मेढ्यात जय गणेश मंदिर, कालनिर्णयच्या जयंतराव साळगावकरांनी बांधलेलं. ते मालवणचेच. मंदिर छोटं, देखणं आणि अतिशय स्वच्छ. मग चिवला बीच, गावातलाच किनारा, डिसेंबरमध्ये इथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. सूर्यास्ताला रॉक गार्डन. सुकती असेल तर खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, शेवाळाचे रंग दिसतात, मुलांना इथे तासभर सोडा. फक्त ओल्या खडकावर चपला घालून चालू नका, शेवाळावर पाय सटकतोच आणि भरती चढायला लागली की लगेच मागे या.

संध्याकाळी बंदरावर चक्कर मारा. होड्या लागतात, मासळी उतरते, लिलाव सुरू होतो. बोली इतकी भराभर चालते की आधी काही कळत नाही, बाजूला उभं राहून बघा, मधे येऊ नका, आणि कोळणींचे फोटो काढायचे असतील तर आधी "मावशी, काढू का?" असं विचारा. ती त्यांची कामाची वेळ असते.

दुसरा दिवस सकाळ: आधी किल्ला

सिंधुदुर्गला पहिल्या बोटीने जा. का ते सांगतो. सकाळी वारा कमी, समुद्र सपाट, किल्ल्यात ऊन कोवळं आणि गर्दी नाही. दुपारनंतर वारा सुटतो, बोट हलते, आणि तटावरचा दगड असा तापतो की फिरायची इच्छा राहत नाही.

त्याआधी, जमलं तर आदल्या संध्याकाळी, मोरयाचा धोंडा बघून घ्या. वायरीच्या बाजूला किनाऱ्यावरच एक खडक आहे, त्यावर गणपती, चंद्र-सूर्य, शिवलिंग कोरलेलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी किल्ल्याचं भूमिपूजन इथे केलं. बहुतेक पर्यटक याच्या बाजूने बाइक घेऊन निघून जातात. पण इथे उभं राहून समोर किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटाकडे पाहिलं की कळतं, त्यांनी नेमकं काय पाहिलं असेल. बेट किनाऱ्यापासून जवळ, पण भोवती पाण्याखाली खडकांचं जाळं, परक्या जहाजाला आत शिरायला वाट नाही आणि आपल्या नावाड्याला ती वाट पाठ. जंजिऱ्याच्या सिद्दीला आणि किनाऱ्यावरच्या परकीय सत्तांना तोंड द्यायला समुद्रातच पक्कं ठाणं हवं होतं, ते इथे झालं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत, १६६७ पर्यंत, भर समुद्रात हे बांधकाम उभं राहिलं. पायाचे दगड बसवायला शिसं ओतलंय.

मालवण जेटीवरून बोट दहा-पंधरा मिनिटांत पोचवते. लाइफ जॅकेट मागा, दिलं नाही तर बसू नका. बोटवाले परतीची वेळ देतात, साधारण तासाभराची, ती फार कमी पडते म्हणून चढायच्या आधीच सांगा की आम्हाला जास्त वेळ हवा, नंतरच्या बोटीने येऊ, गर्दी नसेल तर बहुतेक वेळा ऐकतात.

जवळ गेलात तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय की अगदी समोर आल्याशिवाय कळतच नाही. आत आल्यावर घुमटीत हाताचा आणि पायाचा ठसा आहे, महाराजांचा म्हणून पूजतात. मग श्री शिवराजेश्वर मंदिर, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं, इथली मूर्ती दाढी नसलेली आहे, इतर ठिकाणी बघतो त्यापेक्षा वेगळी, डोक्यावरचा टोपही वेगळा. चपला बाहेर, आवाज कमी, इथे रोज पूजा होते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी बघायच्याच, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्याकडे लिंबू-कोकम सरबत मिळतं, पाणी बाहेरून आणण्यापेक्षा त्यांच्याकडूनच घ्या.

मग तटावर चढा. घाईत आलेले लोक नेमकं हेच चुकवतात. तट नागमोडी आहे आणि तो शोभेसाठी तसा नाही, कुठल्याही कोपऱ्यावर शत्रू आला तरी त्याच्यावर दोन बाजूंनी मारा करता यावा म्हणून. तटाच्या जाडीतच शौचकूपं काढलीत, सैनिकाला पहारा सोडून लांब जावं लागू नये इतका विचार. जवळच पाण्यात पद्मगडाचे अवशेष दिसतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले त्यात सिंधुदुर्ग आहे, तेव्हा भिंतीवर नाव कोरणारा कोणी दिसला तर स्वतः जाऊन थांबवा.

परत आल्यावर जेटीजवळच राजकोट किल्ला आहे, तिथला महाराजांचा नवीन पुतळा बघून घ्या. आणि मग जेवण.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, आणि तेही निवांत

एकाच सकाळी किल्ला आणि स्कूबा दोन्ही करता येतं, पॅकेजवाले तेच विकतात. पण स्कूबाला वेगळी सकाळ द्या. बहुतेक डाइव्ह किल्ल्याच्या मागच्या बाजूच्या खडकांजवळ होतात, पंधरा-वीस फूट पाण्यात, पोहता येत नसलं तरी चालतं कारण इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो.

बुकिंग करायच्या आधी समोर जाऊन भेटा, फोनवर पैसे पाठवू नका. बोटीला परवाना आहे का, बोटीत किती जण घेणार, इन्स्ट्रक्टर एका वेळी किती जणांना नेतो (एकाला एक असलाच पाहिजे), बोटीवर ऑक्सिजन आणि फर्स्ट एड आहे का, रेटमध्ये व्हिडिओ धरलाय का. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्यामुळे हे प्रश्न विचारताना अजिबात संकोच करू नका, आणि बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीने जा. चांगला माणूस या प्रश्नांना चिडत नाही. ज्यांना शिकायचंच आहे, सर्टिफिकेट कोर्स करायचाय, त्यांनी तारकर्लीत एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी, तिथे आधी पूलमध्ये शिकवतात.

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर करू नका आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. साधी सर्दी असेल तरी नको, कारण कानावरचा दाब सुटत नाही. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलकं खा.

पाण्यात काय होतं ते आधीच माहीत असलं की भीती निम्मी जाते. मास्कने नाक बंद, श्वास फक्त तोंडाने. पहिली दोन मिनिटं सगळ्यांना घुसमटल्यासारखं वाटतं, तेव्हा हळू आणि लांब श्वास सोडायचा, सोडण्याकडे लक्ष दिलं की घेणं आपोआप होतं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. खाली जाताना कानात दडे बसतात, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखायला लागायच्या आधीच. आणि खुणा नीट पाठ करा: अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय", "मस्त" नाही! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल.

हा सगळा परिसर मालवण सागरी अभयारण्याचा, १९८७ मध्ये जाहीर झालेला. खाली प्रवाळ आहेत, ते दगडासारखे दिसले तरी जिवंत असतात, त्यावर उभं राहू नका, हात लावू नका, तुकडा तर बिलकुल आणू नका. फोटोत मासे यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात, तुम्ही स्पष्ट नको म्हणा. चार मासे कमी आले तरी चालेल, ते त्यांचं खाणं नाही.

दुपारनंतर देवबाग

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या संगमाजवळ वाळूचा एक पट्टा आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात. भरतीला तो पाण्याखाली जातो म्हणून वेळ विचारूनच निघा. जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड हे सगळं इथे. मला स्वतःला यापेक्षा नदीतून संथ होडीची फेरी जास्त आवडते, दोन्ही काठांवर माड, समोर भोगव्याची बाजू. डॉल्फिन बघायचे तर पहाटेची बोट घ्या, आणि त्यांच्यामागे बोट पळवायला सांगू नका, इंजिन बंद करून थांबलं की तेच जवळ येतात.

पोहण्याबद्दल कळकळीने सांगतो. तारकर्ली-वायरीचा समुद्र दिसतो शांत, पण काही जागी पाणी आतल्या बाजूला जोरात ओढतं. एप्रिल २०१७ मध्ये वायरीला बेळगावचे ८ जण बुडाले, बहुतेक तरणीताठी मुलं होती. कमरेपेक्षा जास्त पाण्यात जाऊ नका, सुकती लागली असेल तर तेवढंही नको, आणि उतरायच्या आधी तिथल्या कोणालाही विचारा, "काका, आज पाणी कसं आहे?" ते "नको" म्हणाले तर नको. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, हात वर करून ओरडा.

सकाळी कधी रापण ओढताना दिसली तर थांबा. मोठं जाळं होडीने अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं किनाऱ्यावरून ओढतात. दोरीला हात लावायचा असेल तर विचारा, आनंदाने घेतात.

जेवण आणि खरेदी

ऑर्डर देताना मेन्यू कार्ड बाजूला ठेवा आणि "आज ताजं काय?" विचारा. सुरमई-पापलेटच्या मागे सगळे असतात, पण बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं (छोट्या शार्कचं) मटण हे इथेच खा. मोठ्या माशाचा रेट आधी विचारा कारण तो रोज बदलतो. शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, शिरवाळे आणि नारळाचा रस, धोंडस, हे सांगून ठेवलं तर होमस्टेत करून देतात, आदल्या दिवशी सांगा एवढंच. हिवाळ्यात जवळच्या कुठल्या गावात जत्रा असेल तर रात्री दशावतार असतो, घरमालकांना विचारा, जेवून जा आणि जाडसं पांघरूण न्या कारण तो रात्रभर चालतो.

परतायच्या दिवशी बाजारात मालवणी मसाला, कोकम, काजू, आणि आल्या-गुळाचा मालवणी खाजा घ्या. सोलकढीसाठी आगळ घेताना तो साखरेचं सरबत नाही ना हे बघा, आगळात फक्त कोकमाचा रस आणि मीठ असतं. बाटलीचं झाकण टेपने बंद करून वेगळ्या पिशवीत ठेवा, त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. आणि विमानाने परतणार असाल तर स्कूबा आणि फ्लाइट यात कमीत कमी १२ तास, दोनदा डाइव्ह केली असेल तर १८ तास जाऊ द्या, म्हणजे अशा वेळी स्कूबा दुसऱ्या दिवशी आणि किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळी असा क्रम उलटा करा.